'फ्रेश, वुडी, स्पोर्ट': सेंटचा वास मराठीत कसा सांगाल?

प्रश्न: भावासाठी शनेलचं 'अल्यूर ओम स्पोर्ट' घ्यायचा विचार आहे. जो तो 'फ्रेश आणि वुडी' एवढंच सांगतो. 'ताजा, लाकडी' म्हटलं तर काहीच कळत नाही. नेमके शब्द कोणते?

उत्तर: आधी 'स्पोर्ट' बाजूला ठेवा, ते वासाचं नावच नाही. मूळ 'अल्यूर ओम' 1999चं, 'स्पोर्ट' 2004चं. दोन्ही शनेलचे तेव्हाचे सुगंधकार झाक पोल्ज यांची. हे शेपूट जोडलं की मूळ सेंटपेक्षा हलका, संत्र्या-लिंबाकडे झुकणारा वास असं साधारण समजावं.

'लाकडी' तर नकोच. लाकडी म्हणजे लाकडाचा केलेला: लाकडी पाट, लाकडी घाणा. वास 'लाकडाचा' असतो, आणि कोणत्या लाकडाचा हे सांगितल्याशिवाय अर्थ लागत नाही. यात आहे सिडार नावाच्या झाडाचं लाकूड. पेन्सिलीला टोक काढताना येतो तो कोरडा, किंचित तुरट वास. चंदनाचा मऊपणा त्यात शोधू नका.

शिवाय हा वास मनगटावर बदलत जातो. फवारल्याबरोबर संत्र्याची साल पिळल्यासारखा तरतरीत झोत येतो. (इथे 'भपकारा' म्हणू नये, तो दारूचा किंवा गटाराचा.) सालीतली तेलं पटकन उडतात, मग लाकूड वर येतं. शेवटी कातडीलगत टोन्का बीचा (दक्षिण अमेरिकेतल्या एका झाडाची सुगंधी बी) गोडसर वास उरतो. तिच्यातल्या कूमारिन या सुवासिक द्रव्यामुळे वाळल्या गवताची आठवण होते. म्हणून दुकानातल्या कागदी पट्टीवर पहिल्या मिनिटाला मत बनवू नका. मनगटावर घ्या, चोळू नका, तासाभराने पुन्हा हुंगा.

प्रतिसाद: यात वाळाही आहे ना? तो फ्रेश की वुडी?

उत्तर: फार चांगला मुद्दा. सेंटवाले वाळा 'वुडी'त धरतात, खरं तर ते गवताचं मूळ. त्यांचा 'व्हेटिव्हर' हा शब्द तमिळ 'वेट्टिवेर'वरून गेलेला. आपल्या नाकाला मात्र वाळा म्हणजे माठातलं पाणी, उन्हाळ्यातले भिजवलेले पडदे. त्यामुळे मी 'फ्रेश'चे दोन शब्द करते: सालीचा वास 'तरतरीत', वाळ्याचा 'गार'.

प्रतिसाद: आणि एकूण वासाला 'घमघमाट' चालेल?

उत्तर: नाही. घमघमाट घर भरून टाकतो. हा हलका आहे, माणूस शेजारून गेला की जाणवणारा, 'दरवळ' म्हणा. भावाने दहा फवारे मारले तर मात्र त्याचा दर्प होईल.