मदत हवी आहे: इंग्रजी शब्द पाठ होतात, टिकत नाहीत

रात्रपाळी: तीन महिने रोज तीस शब्द पाठ करतोय. सकाळी केलेले संध्याकाळी गुल. काल सराव परीक्षेत 'सँग्विन' आला, मी बिनधास्त 'रक्तपिपासू' समजून उत्तर ठोकलं. चूक. पाच आठवडे उरलेत. काहीतरी ठोस सांगा, 'वाचन वाढवा' नको.

भेळवाला: कुठली परीक्षा? आयेल्ट्स असेल तर एवढे जड शब्द लागतच नाहीत.

लिंबूटिंबू: पाठांतर सोडा, धातू शिका. 'बेने' म्हणजे चांगलं, 'मॅल' म्हणजे वाईट. एका धातूत दहा शब्द पदरात.

कोरा_कागद: मग 'इन्फ्लेमेबल' म्हणजे न पेटणारं का? त्या भरवशावर काडी ओढू नका. ह्यांचा घात धातूनेच केलाय. सँग्विन आणि सँग्विनरी, दोन्हींच्या मुळाशी लॅटिनमधलं रक्तच. रक्तपिपासू तो दुसरा. पहिला आशावादी.

लिंबूटिंबू: अहो, तेही मुळातूनच कळतं! आपल्याकडे वात-पित्त-कफ, तसे तिकडचे जुने वैद्य शरीरात चार द्रव मानायचे. ज्याच्यात रक्त जास्त, तो आनंदी, उमेदीचा. आता विसरून दाखवा.

धुंधुरमास: इंग्रजी बोलताना न्यूनगंड येत असेल तर रोज आरशासमोर दहा मिनिटं बोला. मला फार फायदा झाला.

भेळवाला: बोलण्याचं कोणी विचारलंय? परीक्षेचं नाव सांगा हो आधी!

रात्रपाळी: जीआरई, परदेशात पदव्युत्तर प्रवेशासाठीची. लिहिलं नव्हतं का? मावसभावाची यादी आहे, त्यातले विरुद्धार्थीपण करतोय.

कोरा_कागद: भावाने कधी दिली होती?

रात्रपाळी: २००९.

कोरा_कागद: धन्य! नुसत्या विरुद्धार्थी शब्दांचे प्रश्न २०११मध्येच गेले. आता रिकाम्या जागा भरायच्या, इशारा वाक्यातच दडलेला असतो. एका प्रकारात सहा पर्यायांतले दोन निवडायचे, दोन्हींनी वाक्याचा अर्थ सारखाच व्हायला हवा. एक चुकला तरी भोपळा. म्हणून जोडीने शिका: 'लॅकॉनिक'सोबत 'टर्स', दोन्ही म्हणजे मोजक्या शब्दांतलं. आणि तीस नको, दहा. आज केलेले परवा, मग आठवड्याने, अर्थ झाकून.

शिळोप्या: मोल्सवर्थचा १८३१चा मराठी-इंग्रजी कोश उघडा. एकेका मराठी शब्दापुढे इंग्रजी छटांची रांग लागते. माझी रात्र त्यातच जाते.

भेळवाला: पाच आठवडे आहेत त्याच्याकडे, पाच जन्म नाहीत.

रात्रपाळी: यादी बंद केली. रक्ताचं बाकी डोक्यात बसलं. पण आधीचे सत्तावीसशे शब्द केलेत, त्यांचं काय?

कोरा_कागद: त्यातले आठवतात किती?