सेव्हिलच्या म्युझियममधला काळ्या झग्यातला बिशप नक्की कोण?

भटकी_चप्पल
मंडळी, नुकताच स्पेनला जाऊन आलो. सेव्हिलच्या फाइन आर्ट्स म्युझियममध्ये मुरिल्यो या जुन्या स्पॅनिश चित्रकाराचं एक भलंमोठं चित्र आहे, त्याच्यासमोर मी असा अडकलो की बायको पुढची दोन दालनं बघून परत आली तरी मी तिथेच. एक बिशप उभा आहे, डोक्यावर मायटर (बिशपची उंच टोकदार टोपी), पण अंगात साधा काळा झगा, आणि समोर उघड्या पाठीचा एक अपंग भिकारी गुडघ्यावर बसून हात पसरतोय. खाली कोपऱ्यात एक पोरगं आपल्याला मिळालेलं नाणं आईला दाखवतंय, चेहऱ्यावर असला आनंद की बस्स. पाटीवर नाव ‘सान्तो तोमास दे व्हिलानुएव्हा’. हा म्हणजे भारतात आला होता म्हणतात तो सेंट थॉमसच का? आणि बिशप म्हटल्यावर भरजरी कपडे नकोत का? कुणाला माहिती असेल तर जरा सविस्तर सांगा.

पानगळ
नाही दादा, तो येशूचा शिष्य, हे त्याच्यानंतर पंधराशे वर्षांनी आलेले. थॉमस नावाचे संत इतके आहेत की आम्हा ख्रिस्ती लोकांतलेही गोंधळतात. हे व्हिलानोव्हाचे थॉमस, जन्म 1488, स्पेनमधल्या ला मांचा भागातल्या फुएनयाना गावचा, वाढले व्हिलानुएव्हा दे लोस इन्फांतेसला म्हणून ते नाव. घरात पिठाची चक्की होती आणि आईवडील दोघंही गोरगरिबांना देणारे. लहानपणी शाळेतून येताना अंगावरचे कपडे कुणा उघड्या पोराला देऊन हे घरी यायचे अशी गोष्ट सांगतात, मुरिल्योनं त्यावरही चित्र काढलंय, ते आता अमेरिकेत सिनसिनाटीला आहे.

काळ्या झग्याचं म्हणाल तर तो ऑगस्टिनियन या ख्रिस्ती साधूंच्या संघाचा. 1516 मध्ये सालामांकाला ते संघात गेले, त्याआधी अल्कालाच्या विद्यापीठात शिकवत होते (आणि गंमत म्हणजे इतके विसरभोळे की प्रोफेसर कसे झाले देव जाणे). ग्रानादाचं आर्चबिशपपद (बिशपच्याही वरचं पद) त्यांनी चक्क नाकारलं होतं. 1544 ला व्हॅलेन्सियाचं आलं तेव्हा मात्र वरिष्ठांनी आज्ञाच केली, मग काय करतात. म्हणतात की सम्राट पाचव्या चार्ल्सच्या मनात दुसराच कुणी होता आणि लिहिणाऱ्यानं चुकून यांचं नाव घातलं! आर्चबिशप झाले तरी झगा तोच जुना, फाटला की स्वतः सुईदोरा घेऊन बसायचे. कॅथेड्रलच्या मंडळींना त्याची लाज वाटायची. त्यांनी घर नीट सजवा म्हणून 4000 दुकाती (तेव्हाची सोन्याची नाणी) दिल्या, यांनी त्या सगळ्या शहराच्या हॉस्पिटलला पाठवून दिल्या.

हिशेबी_माणूस
चित्र छानच असेल, पण मला या असल्या दानशूर लोकांबद्दल कायम एक शंका असते. दारात रोज पैसे वाटले तर खरे गरजू किती आणि फुकटे किती? आपल्याकडे उगाच नाही ‘सत्पात्री दान’ म्हणत. भिकारी वाढवून ठेवण्यात कसलं आलंय पुण्य.

पानगळ
@हिशेबी_माणूस काका, तुमची शंका त्यांच्या माणसांनीच त्यांना विचारली होती 😄 वाड्यावर रोज शेकडो लोक यायचे, प्रत्येकाला जेवण, पेलाभर वाइन आणि एक नाणं मिळायचं. माणसं तक्रार करायला लागली की यातले कित्येक नुसते आळशी आणि लबाड आहेत. यांचं उत्तर साधारण असं, की भटके आणि कामचुकार असतील तर ते गव्हर्नर आणि पोलीस बघतील, माझ्या दारात जो येईल त्याला मदत करणं हे माझं काम.

पण नुसतं नाणं टेकवून मोकळे होत नव्हते हो. टाकून दिलेली बाळं आणली की त्यांना दूध पाजायला दाया पगारावर ठेवायचे, गरीब मुलींच्या लग्नाला हुंडा द्यायचे, 1550 मध्ये गरीब विद्यार्थ्यांसाठी व्हॅलेन्सियात कॉलेज काढलं. ज्याला देतो त्याची गरजच संपली पाहिजे हा त्यांचा विचार.

निळी_शाई
भटकी_चप्पल, त्या चित्रात मागे टेबलावर पुस्तक आहे ते बघितलंत का? वाचता वाचता उठून आलाय हा माणूस. मला तर मुरिल्योच्या सगळ्या कामात हे सगळ्यात आवडतं, तो स्वतःही याला ‘माझं चित्र’ म्हणायचा असं सांगतात. मूळचं ते सेव्हिलच्याच कॅपुचिन साधूंच्या मठातलं.
आणखी एक, 1658 ला पोप सातव्या अलेक्झांडरनी यांना संत घोषित केलं आणि लगेच रोमजवळच्या कास्तेल गांदोल्फोला वास्तुकार बर्निनीकडून यांच्या नावाचं चर्चही बांधून घेतलं. पोपच्या उन्हाळी मुक्कामाचं गाव ते. आताचे पोप चौदावे लिओ 2025 च्या जुलैमध्ये तिथेच मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) करायला गेले होते, आणि ते स्वतः ऑगस्टिनियन, शिकले अमेरिकेतल्या व्हिलानोव्हा युनिव्हर्सिटीत, म्हणजे याच संताच्या नावाच्या.

भटकी_चप्पल
अरे वा, पुस्तक बघितलं होतं पण तो अर्थ डोक्यातच आला नाही. आता पुढच्या वेळी व्हॅलेन्सिया करावं लागणार, तिथे समाधी वगैरे आहे का काही? आणि सण कधी असतो?

पानगळ
आहे ना, अवशेष व्हॅलेन्सियाच्या कॅथेड्रलमध्ये आहेत. आधी ऑगस्टिनियन मठातच पुरलं होतं, नंतर तिथे हलवले. सण जुन्या कॅलेंडरमध्ये 22 सप्टेंबरला होता, ऑगस्टिनियन लोक आता 10 ऑक्टोबरला करतात.
जाल तर एवढं आठवा, 1555 च्या सप्टेंबरात ते गेले, 8 तारखेला. शेवटच्या दिवसांत घरातला पैसा वाटून संपवला, सामान कॉलेजला दिलं, मग लक्षात आलं की आपण झोपलोय ती खाट अजून आपलीच आहे. ती तुरुंगाच्या जेलरला देऊन टाकली आणि त्यालाच विचारलं, मरेपर्यंत हिच्यावर पडू देशील का.

हिशेबी_माणूस
बरं बाबा, खाटेपुढे आपला हिशेब बंद.