वडील कराचीच्या तुरुंगात होते. हे प्रबंधात लिहायचं की नाही?

किनारा_डहाणू:
पीएच.डी.चं दुसरं वर्ष, विषय आंतरराष्ट्रीय संबंध. आमच्या डहाणू-तलासरीकडची कितीतरी माणसं उचल घेऊन गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. बाबाही जायचे, पोरबंदरला. मी शाळेत असताना त्यांची बोट पाकिस्तानी मरीनने (त्यांच्या सागरी सुरक्षा दलाने) पकडली आणि बाबा मलीर तुरुंगात गेले. २००८ च्या करारानुसार दर १ जानेवारी आणि १ जुलैला दोन्ही देश एकमेकांना कैद्यांची यादी देतात. त्या दिवशी आई शेजारच्यांच्या टीव्हीसमोर बसून राहायची. आकडा कळायचा, नाव कळायचं नाही.

माझा संशोधनाचा प्रश्न तिथलाच. संयुक्त राष्ट्रांच्या समुद्र कायदा कराराचं कलम ७३ म्हणतं की दुसऱ्या देशाच्या आर्थिक क्षेत्रात (समुद्राच्या ज्या पट्ट्यातल्या माशांवर त्या देशाचा हक्क असतो तिथे) मासेमारीचे नियम मोडले, तर संबंधित देशांत तसा वेगळा करार असल्याशिवाय तुरुंगवास देता येत नाही. भारताने हा करार १९९५ मध्ये स्वीकारला, पाकिस्तानने १९९७ मध्ये. तरी खलाशी आत जातातच. दोन्हीकडचे.

मार्गदर्शक म्हणतात, घरचं बाहेर ठेव, नाहीतर परीक्षक म्हणतील पोरगी बापाचा खटला लढतेय. यातून कुणी गेलंय का?

राजापूरकर:
ताई, मी गेलोय. १९९० मध्ये इराकने कुवेत घेतलं तेव्हा माझे वडील तिथे कामाला होते. बगदादमार्गे बसने अम्मान, तिथून विमानाने मुंबई. एक लाखाहून जास्त भारतीय असे परत आले. मी वाचलेल्या कागदांत ती सरकारने केलेली सुटका होती. वडील सांगायचे ते वेगळंच: बस कुणी ठरवली, पैसे कुणी घातले, दिनारला किंमत उरली नाही तेव्हा तांदूळ कुठून आला. माझा सगळा प्रबंध या तीन गोष्टींवर उभा राहिला. मात्र उत्तरासाठी मी परक्या माणसांकडे गेलो. वडिलांचं बोलणं पहिल्याच प्रकरणात, नातं उघड सांगून घातलं.

एक सांभाळा. गावातल्या बायका तुमच्याशी मन मोकळं करतील, पण उचलीचा विषय निघाला की गप्प होतील, कारण तुमच्या बाबांचा आणि त्यांच्या नवऱ्यांचा बोटमालक एकच असू शकतो. तेवढ्या मुलाखती बाहेरच्या कुणाला घ्यायला सांगा.

अलिबागची_बाई:
मी हाच विषय शिकवते. कलम ७३ जपून वापर गं. ते आर्थिक क्षेत्रापुरतं आहे, किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या आत लागू होत नाही. त्यात कच्छ आणि सिंधमधल्या ९६ किलोमीटरच्या सर क्रीक या खाडीचा वाद मिटलेला नाही, त्यामुळे तिथून पुढे समुद्रातली हद्दही दोन्ही देशांनी मिळून ठरवलेली नाही. म्हणजे बोट नेमकी कुठे होती यावर सगळं आलं. बाबांना विचार: तांडेलाच्या (बोट चालवणाऱ्या प्रमुखाच्या) जीपीएसवर काय दिसत होतं, ते यंत्र कुणी घेतलं, कोर्टात कुठली जागा सांगितली? हे विचारायला तुला घराबाहेर जावं लागत नाही, तर ते सोडायचं कशाला?

आंतरराष्ट्रीय राजकारणात बायका कुठे आहेत, हे स्त्रीवादी अभ्यासक सिंथिया एन्लो यांनी चिकाटीने विचारलं. तुझी आई त्याच प्रश्नात बसलेली आहे. कराचीच्या इब्राहिम हैदरीतल्या कोळणीही, कारण त्यांचे नवरे आपल्याकडे पकडले जातात. त्यांच्यावर एक पूर्ण प्रकरण लिही. मग बापाचा खटला कोण म्हणतंय बघू.

किनारा_डहाणू:
बाई, काल रात्री बाबांना विचारलं. बोट आपल्याच पाण्यात आहे असं तांडेल शेवटपर्यंत सांगत होता. मरीनवाल्यांनी जीपीएस आणि वायरलेस आधी काढून घेतलं. कोर्टात काय वाचलं ते बाबांना कळलं नाही, कागदावर अंगठा घेतला. दादा, मुलाखतींचं पटलं, मैत्रिणीला विचारते. आता तो अंगठ्याचा कागद हवाय. त्याची प्रत आपल्या परराष्ट्र मंत्रालयाकडे असेल का? माहिती अधिकारात कुणी मागितली आहे का कधी?