मानाग्वाच्या मधोमध एवढी रिकामी जागा काहून आहे?

धंतोलीवाला: राजेहो, मध्य अमेरिकेतल्या राजधान्यांबद्दल वाचून राहिलो आहे. नकाशात निकाराग्वाची मानाग्वा पाहिली तर तळ्याच्या काठाला जुनं कॅथेड्रल, नॅशनल थिएटर अन् आजूबाजूला नुसती मोकळी जागा नि बागा. नागपुरातून अख्खी बर्डी उचलून नेल्यासारखं वाटलं. कोणाले माहीत आहे का असं काहून झालं?

वऱ्हाडी_माणूस: भूकंप, भाऊ. पण सुरुवात आधीपासून सांगतो. लिओन शहर उदारमतवाल्यांचं, ग्रानादा शहर पुराणमतवाद्यांचं, दोघांचं राजधानीवरून वर्षानुवर्षं भांडण, शेवटी 1852 मध्ये मधल्या मानाग्वाला मान मिळाला. राजधानी कुठं असावी यावरून लोक किती पेटतात हे आपल्या विदर्भात कोणाले सांगायची गरज नाही. मग 1931 च्या भूकंपात अन् आगीत शहर गेलं, परत बांधलं, अन् 23 डिसेंबर 1972 ला मध्यरात्रीनंतर पुन्हा भूकंप. फॉल्ट, म्हणजे जमिनीखालची भेग, शहराच्या अगदी खालून जाते म्हणून तीव्रता सहाच्या वर थोडीशीच असूनही हजारो माणसं गेली. जगभरातून मदत आली, ती तिथला हुकूमशहा सोमोसाच्या लोकांनी गिळली, मला हे सगळ्यात संतापजनक वाटते. बेसबॉलपटू रॉबेर्तो क्लेमेन्ते मदत नीट पोचावी म्हणून स्वतः विमानात बसला अन् 31 डिसेंबरला ते विमान समुद्रात पडलं. तो राग लोकांच्या मनात राहिला, 1979 मध्ये सोमोसाची सत्ता गेली. मधलं शहर मात्र पहिल्यासारखं परत उभं राहिलंच नाही, वस्ती बाहेर बाहेर पसरत गेली.

सदरची_मुलगी: पत्त्यांचं पण सांगा ना! तिथे बहुतेक रस्त्यांना नाव-नंबर चालत नाही, एखादी खूण धरायची अन् तिथून इतके चौक तळ्याकडे म्हणजे उत्तरेला, वर म्हणजे पूर्वेला, खाली म्हणजे पश्चिमेला, दक्षिणेला मात्र दक्षिणच. अन् खूण भूकंपात पडून गेलेली असली तरी चालते, "जिथे ते छोटं झाड होतं तिथून" असं अजून म्हणतात. मला तर वाटते जुनं शहर लोकांनी अशा बोलण्यातच जपून ठेवलं आहे.

धंतोलीवाला: वा, हे माहीतच नव्हतं. मग जुनं कॅथेड्रल उभं कसं राहिलं?

वऱ्हाडी_माणूस: आतमध्ये लोखंडी सांगाडा आहे, बेल्जियमहून आणलेला. तडे गेले म्हणून प्रार्थना बंद झाली. नवं कॅथेड्रल 1993 मध्ये दक्षिणेला बांधलं, मेक्सिकोच्या रिकार्दो लेगोरेताचं डिझाइन, छतावर छोटे छोटे घुमट, फोटो जरूर पाहा.