पोटदुखी: श्वासाचा सराव जमतो, तरी मुलगी शाळेत टिकत नाही

शाळा समुपदेशक, बडोदा

सातवीतली मुलगी, वय 12. पाच महिने बेंबीभोवती दुखतं. बालरोगतज्ज्ञांनी तपासण्या करून फंक्शनल पोटदुखी (दुखणं खरं, पण तपासणीत त्यामागे दुसरा आजार सापडत नाही) असं लेखी दिलं आहे. चार आठवडे पोटाने श्वास घेण्याचा आणि स्नायू सैल सोडण्याचा सराव चालू आहे, दोन्ही छान जमतात. तरी आठवड्याला दोनच दिवस शाळा होते, त्यातही मधल्या सुट्टीत घरी फोन. नवरात्रात मात्र तीन-तीन तास गरबा खेळली. तेव्हापासून बाबा म्हणतात सगळं नाटक आहे, आणि आईला ते ऐकवत नाही. योजनेत कुठे चुकतंय?

चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, कारेलीबाग

ताई, सराव चुकलेला नाही, त्याची जागा चुकली आहे. आधी श्वास, मग दुखणं थांबणं, मग शाळा असा क्रम लागला की शाळा दुखण्याच्या मर्जीवर जाते. वेळ आधी ठरवा आणि दुखो वा न दुखो, ती पाळा. मुलांमध्ये शाळा, झोप, खेळ हे बहुधा आधी सुधारतं. वेदनेचा आकडा मागाहून उतरतो. हे घरच्यांना पहिल्याच भेटीत सांगायला हवं, नाहीतर तिसऱ्या आठवड्यात ‘काही फरक नाही’ म्हणून सगळं सोडून देतात.

दोन पूर्ण दिवसांऐवजी रोज पहिले तीन तास असे सुरू करा. तास संपले की घरी, बरं वाटत असलं तरी. इथे बरेच जण घसरतात: मुलगी खुशीत दिसली की ‘थांब आज पूर्ण वेळ’ म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी ती उठत नाही. दर आठवड्याला एक तास वाढवा. आठवडा फसला तर एकच पायरी मागे या, पुन्हा शून्यावर नको.

घरी फोन बंद, त्याऐवजी शिक्षकांना दाखवायचं एक कार्ड द्या. कार्ड दाखवलं की काही न बोलता 10 मिनिटं ग्रंथालयात. आजारी मुलांच्या खोलीत पाठवू नका. पलंग दिसला की मूल आडवं होतं आणि मग फोन होतोच. ग्रंथालयात बसून एक हात छातीवर, एक बेंबीवर. चार मोजत नाकाने श्वास आत, सहा मोजत बाहेर. मिनिटाला साधारण सहा श्वास होतात. छातीवरचा हात हलता कामा नये. ‘मोठा श्वास घे’ म्हणू नका, मुलं भराभर छाती फुगवतात आणि चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात. ‘हळू’ म्हणा. 10 मिनिटं झाली की वर्गात, दुखणं तसंच असलं तरी.

स्नायूंच्या सरावात प्रत्येक गट 5 ते 7 सेकंद आवळून 20 ते 30 सेकंद सैल सोडायचा. हिच्या बाबतीत पोट आवळणं वगळा. आणि दोन्ही सराव रोज दोनदा, दुखत नसताना. फक्त दुखतानाच केले तर ते ऐनवेळी हाताशी येत नाहीत.

गरब्याबद्दल बाबांशी स्वतंत्र बोला. वेदना खरी असली तरी ती किती जाणवते हे लक्ष कुठे आहे, मनात धास्ती किती आहे यावर बदलतं. गरब्यात लक्ष तालावर आणि मैत्रिणींवर असतं. तेव्हा दुखलं नाही म्हणून एरवीचं खोटं ठरत नाही, उलट या उपचाराला वाव आहे हेच दिसतं. मात्र तीन तास खेळून पुढचे दोन दिवस अंथरुणात, असं होत असेल तर रोज एक तासच खेळू द्या.

बालरोगतज्ज्ञ, दांडिया बाजार

वरच्या योजनेत घरच्यांचा भाग घाला, तोच सगळ्यात हाताळण्यासारखा आहे. अमेरिकेत 2006 साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. मुलांना पोट गच्च होईपर्यंत पाणी प्यायला दिलं. काही पालकांना लक्षणांकडे लक्ष द्यायला सांगितलं, काहींना विषय बदलायला. लक्ष दिलं तिथे तक्रारी जवळपास दुप्पट झाल्या, विषय बदलला तिथे निम्म्या. पोटदुखीच्या मुलांच्या आयांना मात्र वाटत होतं की विषय बदलणं मुलांना जास्त त्रासाचं होईल. मुलांना तसं वाटलं नाही. हिच्या आईला हे जरूर सांगा.

‘आता कसं आहे गं पोट?’ हे विचारणं थांबवायचं. तिने सांगितलं तर एकदाच: ‘दुखतंय, कळलं मला. सहा श्वास घे, मग आपण ते गणित पुरं करू.’ शाळा बुडलीच तर त्या वेळेत मोबाईल नाही, टीव्ही नाही, अभ्यास आहे. आणि बाबांनी ‘नाटक’ हा शब्द सोडायलाच हवा. विश्वास बसत नाही असं दिसलं की मूल दुखणं सिद्ध करायच्या मागे लागतं.

रोज दहापैकी किती दुखतं ही डायरी नको. फंक्शनल डिसॅबिलिटी इन्व्हेंटरी, म्हणजे रोजच्या कामांत किती अडचण येते हे मोजणारी प्रश्नावली, तिचे 15 प्रश्न दोन आठवड्यांतून एकदा भरून घ्या. एकूण गुण 60, त्यात 30 किंवा जास्त म्हणजे गंभीर अडथळा. निदान लेखी असलं तरी वजन घटणं, उंची थांबणं, शौचातून रक्त, ताप, हिरवी उलटी, दुखण्याने रात्री जाग येणं, यांतलं काही दिसलं तर योजना बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे.

शाळा समुपदेशक, बडोदा

विचारणं थांबवल्यावर तक्रार आधी वाढली तर? शिवाय घरात आजी आहे. आणि नववीतल्या डोकेदुखीच्या मुलालाही हेच लागू होईल का?

चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, कारेलीबाग

वाढू शकते, बहुधा पहिल्या आठवड्यात. पाचव्या दिवशी कोणी विरघळलं तर मूल शिकतं की पाच दिवस ताणायचं असतं. म्हणून आजींना पहिल्या बैठकीत आणाच. माया कमी करायची नाही, तिची वेळ बदलायची: शाळेतून आल्यावर जवळ घ्या, दुखलं म्हणून नको.

डोकेदुखीत पाया तोच. 10 ते 17 वर्षांच्या क्रॉनिक मायग्रेनच्या (महिन्यातले निम्मे किंवा जास्त दिवस डोकं दुखणाऱ्या) मुलांवर 2013 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, अमिट्रिप्टिलीन या औषधाच्या जोडीला विचार-वर्तन उपचार मिळालेल्यांचे 28 दिवसांतले डोकेदुखीचे दिवस सरासरी 11.5 ने कमी झाले; औषधाबरोबर नुसती माहिती मिळालेल्यांचे 6.8 ने. पण आधी तो महिन्याला किती दिवस गोळी घेतो ते मोजा. साधी वेदनाशामक गोळी महिन्यातून 15 किंवा जास्त दिवस, तीन महिन्यांहून अधिक काळ चालू असेल तर गोळ्यांमुळेच डोकं दुखत असण्याची शक्यता आहे. तो गुंता डॉक्टरांकडून सोडवून घ्या, मग सराव सुरू करा.