डेस्कटॉपच्या आतले भाग शिकायचे आहेत, कॅबिनेट उघडण्याआधी मार्गदर्शन हवं आहे

नमस्कार मंडळी,

चिपळूण तालुक्यातल्या एका गावातून लिहिते आहे. मुलगी यंदा दहावीला आहे. पुढे आयटीआयला 'कॉम्प्युटर हार्डवेअर अँड नेटवर्क मेंटेनन्स' हा ट्रेड घ्यायचं तिच्या मनात आहे. तिच्यासाठी कुठल्याशा ऑफिसातून निघालेला एक जुना डेस्कटॉप घेतला. इंटेल कोअर आय५, चौथ्या पिढीचा, ४ जीबी रॅम, ५०० जीबी हार्ड डिस्क, विंडोज १०. मशीन चालू आहे. पण आम्हा दोघींना ते नुसतं वापरायचं नाहीये. आतला एकेक भाग हातात घेऊन, ओळखून, परत जागेवर बसवून शिकायचं आहे.

पुस्तकात 'सीपीयू हा संगणकाचा मेंदू' असं लिहिलंय आणि खाली चार चौकटी काढून बाण दाखवलेत. त्यावर परीक्षेत गुण मिळतील, पण झाकण काढल्यावर त्यातलं एकही ओळखू येत नाही. बाजूचं झाकण काढून टॉर्चच्या उजेडात पाहिलं. मधोमध धुळीने भरलेला पंखा आहे. त्याच्या शेजारी चार लांब खाचा, दोन निळ्या आणि दोन काळ्या, त्यातल्या एकीतच हिरवी पट्टी बसवलेली. खालच्या बाजूला एक गोल चपटी बॅटरी आणि तिच्याजवळ तांदळाच्या दाण्याहून जरा मोठी चंदेरी नळी. कोपऱ्यात पत्र्याचा डबा, त्यातून वायरींचा झुबका निघालाय. काहीही न हलवता झाकण परत लावलं.

माझे प्रश्न असे :

१. सुरुवात कुठून करायची? काय बिनधास्त काढता येतं आणि कशाला अजिबात हात लावायचा नाही?

२. मागचा स्विच बंद केला किंवा लाइट गेली की तारीख थेट २०१३ वर जाते. मग एकही साइट उघडत नाही, 'कनेक्शन सुरक्षित नाही' असं येतं. तारीख हाताने बदलली की सगळं सुरळीत. याचा त्या गोल बॅटरीशी संबंध आहे का?

३. अनवाणी असताना कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात. मला सगळ्यात जास्त काळजी याची आहे.

४. मशीन फार हळू चालतं. रॅम वाढवू की एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी लावायची वेगवान डिस्क) घेऊ? दोन्ही एकदम जमणार नाही. आधी कुठलं, हे तर सांगाच, पण का तेही सांगा.

दुकानात नेलं तर यातलं बरंचसं तासाभरात होईल हे ठाऊक आहे. पण मग आम्ही शिकणार काय?

प्रतिसाद १

ताई, वीजकामात आहे म्हणून तिसऱ्या प्रश्नाचं आधी. ते सुटेपर्यंत बाकी काही उघडू नका, आणि मुलीला चप्पल घातल्याशिवाय मशीनला हात लावू देऊ नका.

ज्या पत्र्याच्या डब्यातून वायरी निघाल्यात तो एसएमपीएस. घरातली २३० व्होल्टची एसी वीज घेऊन तो मशीनला लागणारा कमी व्होल्टचा डीसी देतो. त्याच्या तोंडाशीच एक फिल्टर असतो. त्यात फेजपासून अर्थला एक आणि न्यूट्रलपासून अर्थला एक असे दोन छोटे कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) जोडलेले असतात. अर्थिंग नीट असेल तर त्यातून झिरपणारा किंचित करंट जमिनीत निघून जातो. अर्थिंगच नसेल तर कॅबिनेटचा पत्रा त्या दोन कपॅसिटरच्या मधे लोंबकळत राहतो आणि त्यावर २३० च्या निम्मे, म्हणजे साधारण ११५ व्होल्ट दिसतात. करंट अगदी थोडा असल्यामुळे नुसत्या झिणझिण्या येतात. पण याचा अर्थ असाही होतो, की उद्या आत कुठे खरोखर फेज पत्र्याला टेकली तर तिला जायला वाट नाही.

प्लगच्या तीन पिनांपैकी सगळ्यात मोठी आणि जाड पिन अर्थची. आधी पाहा, तुमचा एक्स्टेंशन बोर्ड दोन पिनांचा तर नाही ना. नसेल तर वायरमनला बोलावून घराचं अर्थिंग तपासून घ्या. आपल्याकडे जांभ्यात ओल टिकत नाही, त्यामुळे कोळसा-मीठ घातलेला खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडला की अर्थिंग कमजोर होतं. आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो. काही जण सॉकेटमधेच न्यूट्रलचा तुकडा अर्थला जोडून 'झालं अर्थिंग' म्हणतात. ते करू देऊ नका. न्यूट्रल कुठे तुटला तर पूर्ण २३० व्होल्ट कॅबिनेटवर येतील. नळाच्या पाइपलाही अर्थ जोडायचं नाही.

प्रतिसाद २

रिपेअरिंगचं दुकान चालवतो. वरच्या प्रतिसादातला शब्द न् शब्द पाळा.

अर्थिंग झालं की मग उघडा. बटण बंद केलं म्हणजे मशीन मेलं असं नसतं. मागची केबल लागलेली असेल तर बंद मशीनमधेही मदरबोर्डला (सगळे भाग ज्यावर बसवलेत ती मोठी पाटी) वीज चालूच असते, त्यावरच ते बटण काम करतं. म्हणून केबल काढायची आणि मग पुढचं बटण दहा-एक सेकंद दाबून धरायचं. उरलासुरला चार्ज निघून जातो, मदरबोर्डवर एखादा दिवा पेटलेला असेल तर तोही विझतो. आत हात घालण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या, रंग नसलेल्या पत्र्याला हात लावायचा आणि मधूनमधून लावत राहायचं. अंगावर साठलेली स्थिर वीज तीनेक हजार व्होल्टच्या आत असेल तर आपल्याला जाणवतही नाही, चिपला मात्र तेवढी पुरते. कोकणच्या दमट हवेत हा त्रास कमी. विदर्भात थंडीच्या दिवसांत फार.

क्रम माझ्या मते असा ठेवा. पहिल्यांदा फक्त धूळ. मऊ ब्रश घ्या. ब्लोअर मारणार असाल तर पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर हवेने पंखा गरगरतो, बेअरिंग खराब होतं आणि फिरता पंखा उलटी वीजही तयार करतो.

मग रॅम. ती हिरवी पट्टी म्हणजे रॅम, मशीनची काम चालू असतानाची तात्पुरती स्मृती. टोकांचे लॅच बाहेर दाबले की ती वर येते. चौथ्या पिढीच्या आय५ ला डीडीआर३ प्रकारची रॅम लागते, तिला २४० पिना असतात. खालच्या कडेला मध्यापासून जरा बाजूला एक खाच आहे ती पाहून ठेवा. डीडीआर४ ला २८८ पिना आणि खाच वेगळ्या जागी, त्यामुळे चुकीची पट्टी बसतच नाही. बसत नसेल तर जोर लावायचा नाही, पट्टी फिरवून बघायची. काढलीच आहे तर सोनेरी पिनांवरून पांढरं खोडरबर हलक्या हाताने एकदा फिरवा आणि कण ब्रशने झटका. निम्मी 'मशीन चालू होत नाही' प्रकरणं आमच्याकडे एवढ्यावरच मिटतात. मुलीला एक प्रयोग करू द्या : रॅम काढून, सगळ्यांचे हात बाहेर ठेवून मशीन चालू करा. पडद्यावर काही येणार नाही, पण बहुतेक मशीन बीप देतात किंवा दिवा लुकलुकवतात. त्याचा ठेका कंपनीगणिक वेगळा. मशीन स्वतःहून तक्रार कशी सांगतं ते तिला कळेल. मग परत केबल काढून रॅम बसवा.

रॅमनंतर हार्ड डिस्क. तिला दोन केबली : अरुंद ती सेटा (डिस्क मदरबोर्डला जोडायची पद्धत) डेटाची, ७ पिनांची, रुंद ती वीजपुरवठ्याची, १५ पिनांची. दोन्हींचा आकार 'एल'सारखा, म्हणून उलट्या लागत नाहीत. सोडवण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. मी अजूनही काढतो.

हात लावायचा नाही अशा दोनच गोष्टी. एक, एसएमपीएसचा डबा कधीही उघडायचा नाही. आतल्या मोठ्या कपॅसिटरमधे तीनशेच्या वर व्होल्ट साठतात आणि केबल काढल्यावरही काही वेळ टिकू शकतात. दुसरी गोष्ट सीपीयू. पंखा आणि त्याखालचा हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) काढून बघायला हरकत नाही, पण मग सीपीयू आणि हीटसिंकमधला लेप, म्हणजे जुनी थर्मल पेस्ट, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवीन लावावीच लागते. या पिढीतल्या साध्या डेस्कटॉप आय५ ची उष्णतेची मर्यादा ८४ वॉटची आहे, पेस्टशिवाय ती उष्णता हीटसिंकपर्यंत नीट पोचत नाही. खुद्द सीपीयू मात्र सॉकेटमधून उचलू नका. खाली केसासारख्या बारीक ११५० पिना आहेत, त्यातली एक वाकली तरी मदरबोर्ड गेला समजा. सीपीयू काढायला शिकायचं असेल तर भंगारवाल्याकडून मेलेला मदरबोर्ड आणा. त्याच्यावर हवं ते करू द्या तिला.

प्रतिसाद ३ (धागाकर्ती)

दोघांचेही मनापासून आभार. एक्स्टेंशन बोर्ड दोन पिनांचाच निघाला. तो बाजूला ठेवलाय, वायरमन येऊन अर्थिंग बघून जाईपर्यंत मशीन बंद. मेलेल्या मदरबोर्डची कल्पना मुलीला एवढी आवडली की ती भंगारवाल्याकडे चौकशी करूनही आली.

तारखेचं कुणी सांगेल का? आणि ती चंदेरी नळी कसली?

एक शंका : एसएमपीएसमधून २४ पिनांचा कनेक्टर निघतो असं एका व्हिडिओत पाहिलं. आमच्याकडे ८ पिनांचाच आहे आणि हार्ड डिस्कची वीज थेट मदरबोर्डवरून आलीय. काही गडबड आहे का?

प्रतिसाद ४

गडबड नाही. सुटे भाग जोडून केलेल्या मशीनमधे २४ पिना असतात, त्यात पिवळी वायर १२ व्होल्टची, लाल ५, केशरी ३.३ आणि काळी ग्राउंडची. कंपन्यांच्या तयार ऑफिस मशीनमधे बऱ्याचदा ६ किंवा ८ पिनांचा स्वतःचा कनेक्टर असतो आणि बाकीचे व्होल्टेज मदरबोर्ड तयार करतो. लक्षात एवढंच ठेवायचं, की एसएमपीएस गेला तर बाजारातला कुठलाही चालणार नाही, मॉडेल नंबर जुळवूनच घ्यावा लागेल.

आता तारीख. होय, दोष त्या बॅटरीचाच. तिच्यावर सीआर२०३२ लिहिलेलं असेल. यातले २० म्हणजे २० मिमी व्यास आणि ३२ म्हणजे ३.२ मिमी जाडी. ३ व्होल्टची लिथियमची असते, हात लावायला धोका नाही, फक्त घरात लहान मूल असेल तर जुनी बॅटरी इकडेतिकडे टाकू नका, गिळली तर फार गंभीर होतं. केबल काढल्यावर मशीनमधलं घड्याळ या बॅटरीवर चालतं. ती उतरली की घड्याळ थांबतं आणि पुढच्या वेळी मशीन आपल्या मूळ तारखेपासून मोजायला लागतं. साइटची सुरक्षा प्रमाणपत्रं ठरावीक तारखांपुरतीच वैध असतात. ब्राउजरच्या मते आज २०१३ साल, म्हणजे ती प्रमाणपत्रं अजून सुरूच झालेली नाहीत, म्हणून तो साइट उघडू देत नाही.

आणि ती चंदेरी नळी मुलीला नक्की दाखवा, दहावीच्या गणितात बसेल असं काही तिच्यात आहे. तिच्या आत क्वार्ट्झचा स्फटिक असतो. तो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. हा आकडा असा विचित्र का? ३२,७६८ म्हणजे २ चा १५ वा घात. साधं सर्किट कंपनांची संख्या निम्मी करू शकतं. तशी १५ वेळा निम्मी केली की बरोबर सेकंदाला एक ठोका उरतो. मनगटी क्वार्ट्झ घड्याळातही हाच स्फटिक असतो. तिला कागदावर १५ वेळा भागाकार करू द्या.

बॅटरी बदलताना बाजूची छोटी पट्टी नखाने ढकलली की ती उडून वर येते. लिहिलेली बाजू वर ठेवून नवीन बसवा.

प्रतिसाद ५ (धागाकर्ती)

भागाकार झाला! शेवटी १ आल्यावर तिने पुन्हा उलटं गुणून पाहिलं.

वायरमनने अर्थिंगची सुटलेली वायर जोडून दिली, झिणझिण्या पूर्ण थांबल्या. बॅटरी बदलली, तारीख टिकते आहे. रॅम काढली, बीप ऐकले, परत बसवली. आता फक्त चौथा प्रश्न उरलाय.

प्रतिसाद ६

दुकानवाला परत आलो. अंदाज नको, मोजा. टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समधे जा, ब्राउजरच्या सात-आठ टॅब उघडा आणि मेमरी व डिस्क दोन्हींकडे बघत राहा. काय दिसतं ते लिहा.

प्रतिसाद ७ (धागाकर्ती)

मेमरी हळूहळू ९० टक्क्यांच्या वर गेली. ती तिथे पोचली आणि डिस्क १०० वर जाऊन तिथेच थांबली, कॅबिनेटवरचा लाल दिवा विझेना. चालू केल्यावर सुरुवातीची काही मिनिटं मात्र मेमरी निम्मीच भरलेली असते, तरी डिस्क १०० वरच.

प्रतिसाद ८

छान निरीक्षण, उत्तर यातच आहे. रॅम भरली की विंडोज त्यातला तूर्त न लागणारा मजकूर डिस्कवर नेऊन ठेवतं आणि लागला की परत आणतं. म्हणजे रॅम कमी पडली तरी भार डिस्कवरच. तुमच्याकडे तर रॅम मोकळी असतानाही डिस्क अडते आहे.

का अडते ते बघा. डेस्कटॉपच्या हार्ड डिस्कमधली तबकडी साधारणपणे मिनिटाला ७२०० फेऱ्या घेते, म्हणजे एका फेरीला सुमारे ८.३ मिलिसेकंद. हवा तो मजकूर डिस्कच्या वाचणाऱ्या डोक्याखाली यायला सरासरी अर्धी फेरी थांबावं लागतं, शिवाय ते डोकं धरणारा हात सरकायचा वेळ वेगळा. विंडोज चालू होताना हजारो बारक्या फाइली वाचतं, प्रत्येकीला हे थांबणं आलंच. एसएसडीत फिरणारं काही नाही. तिला मिलिसेकंदाचा दहावा भागही पुरतो. म्हणून माझं स्पष्ट मत : आधी एसएसडी, २४० किंवा २५६ जीबीची, अडीच इंची सेटा. त्याच दोन केबली लागतात. पैसे जमले की रॅम. तुमच्या पट्टीवर पीसी३ च्या पुढे १०६०० किंवा १२८०० लिहिलेलं असेल, ते जुळवून त्याच क्षमतेची दुसरी घ्या आणि त्याच रंगाच्या दुसऱ्या खाचेत बसवा. बहुतेक बोर्डांवर सारख्या रंगाच्या खाचांत जोडी बसली की दोन्ही पट्ट्यांतून एकाच वेळी वाचता येतं. दुकानात जाताना जुनी पट्टी सोबत न्या. लॅपटॉपची डीडीआर३ लांबीला बरीच आखूड असते, ती इथे चालत नाही, आणि सर्व्हरमधून काढलेली स्वस्त रॅम कुणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नका.

अजून एक. विंडोज १० चा सपोर्ट (कंपनीकडून मिळणारी अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि चौथ्या पिढीचा सीपीयू विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाही. एसएसडी रिकामी असतानाच तिच्यावर लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी मोफत सिस्टिम) टाकून बघा. हार्डवेअरच्या ट्रेडला जाणाऱ्या मुलीला ती ओळख उपयोगी पडेल. जुनी हार्ड डिस्क इतक्यात पुसू नका. नवीन सिस्टिम नीट चालली, फाइली उतरवून झाल्या, की मग तीच दुसऱ्या सेटा पोर्टला लावून साठवणीला ठेवा.