परदेशात शिकणाऱ्या आफ्रिकन मैत्रिणी: तुमचे अनुभव

रानजाई
काल वांगारी माथाईंबद्दल वाचत होते. १९६० मध्ये केनियाहून कॅन्ससला शिकायला गेल्या, पिट्सबर्गला एमएस केलं, परतून १९७७ मध्ये झाडं लावायची चळवळ उभारली, २००४ चं शांततेचं नोबेल. आणि पुण्याच्या हॉस्टेलमधली माझी टांझानियाची मैत्रीण आठवली. आली तेव्हा मेसमध्ये कोपऱ्यात एकटी जेवायची. दुसऱ्या वर्षी नव्या मुली आधी तिचं दार वाजवायच्या. रविवारी ती कुणाच्या तरी बारीक बारीक वेण्या घालत बसायची, तासन्‌तास, आणि हात चालू असतानाच "एफआरआरओची (परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयातली) नोंदणी १४ दिवसांत, ही झेरॉक्स ने, ती नको" असं समजावणं चालू. पुढे तिच्या देशाच्या विद्यार्थी संघटनेची अध्यक्ष झाली. लिहा ना तुम्हीही.

कोथरूडकर
आमच्याकडे दोघी भाडेकरू होत्या, युगांडाच्या. सोसायटीचा आधी नकारच. आई ठाम राहिली. सी फॉर्म, म्हणजे परदेशी भाडेकरूची घरमालकाने सरकारला द्यायची माहिती, तेव्हा २४ तासांत भरावा लागायचा, हे त्यांच्यातल्या मोठीनेच सांगितलं, कागद घेऊनच आली होती. टँकरच्या पैशांवरून वाद झाला तेव्हा मीटिंगमध्ये उभी राहून हिंदीत हिशोब मांडला. सगळे गप्प.

नाचणीसत्व
+१. घर मिळणं हाच मोठा छळ. टक लावून बघणारे, न विचारता केसांना हात लावणारे... माझी सुदानी वर्गमैत्रीण बाथरूममध्ये रडायची. नंतर फ्रेशर्सच्या कार्यक्रमात स्टेजवरून हेच सगळं बोलली, आवाज न कापता. अजून काटा येतो.

साधामाणूस
नाचणीसत्व, फार वाईट वाटलं वाचून.

टेक्ससवासी
मी सांगलीची, ती नायजेरियाची, एकाच लॅबमध्ये. मीटिंगमध्ये तिचं बोलणं मध्येच तोडलं की शांतपणे "माझं व्हायचंय अजून" म्हणायची आणि पूर्ण करायची. मी तिच्याकडूनच शिकले हे, प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत, डिफेन्सला, कामी आलं. २०२१ मध्ये नायजेरियाच्याच ओकोंजो-इवेआला डब्ल्यूटीओच्या (जागतिक व्यापार संघटनेच्या) प्रमुख झाल्या तेव्हा पहिला मेसेज तिचाच: "एमआयटीची पीएचडी आहे बरं!" लेक उठली, नंतर लिहिते.

बटाटेवडा
रानजाई, टांझानियातही चपात्या करतात ना?

रानजाई
हो, जाडसर, तेल लावून पदर सुटलेल्या. मेसच्या पोळीला ती नावं ठेवायची :)

कोथरूडकर
आमच्या दोघी पोशो करायच्या, मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा. पीठ पांढऱ्याच मक्याचं लागायचं त्यांना.

बटाटेवडा
पुण्यात कुठे मिळतं ते?

कोथरूडकर
तुझी विपू (विचारपूस) बघ, तिथे लिहिलंय.